चौगुल्यांच्या गोठ्यातली पंगत

कसबा बावड्यात चौगुल्यांनी म्हशी विकल्या आणि त्याच गोठ्याला गिलावा करून हेमलतानं अवघड पोरांना शिकवायचं काम मांडलं, तेव्हा गल्लीला हसायला बरंच निमित्त मिळालं. शेजारची झुंबरबाई नळावर घागर टेकवत म्हणाली, "म्हशी गेल्या, पोरं आली. शेण काढायचं तेवढं वाचलं बघ."

"कुठलं वाचलं, मावशी?" हेमलता म्हणाली. "अजून एकदोन पोरं लागली तरी सांगत न्हाईत."

झुंबरबाईची घागर भरून वाहिली तरी तिचं हसू थांबेना. तेव्हापासून ती हेमलताच्या बाजूची झाली. बावड्यात माणूस आपलंसं करायचं तर त्याला उलटं उत्तर द्यावं लागतं, गोड बोलून तिथं कुणी फसत नाही.

हेमलता साखर कारखान्यातल्या वजनकाट्यावरच्या चौगुल्यांची थोरली लेक. शिकत गेली ती शिकतच गेली. मन कसं चालतं त्याचं शिक्षण कोल्हापुरात घेतलं, मग बेंगळुरात राहून वागणूक सुधारायचे उपचार शिकून आली. नवरा कळंब्याच्या शाळेत मास्तर. बायको हुशार निघाली की आपण गप बसावं, एवढं शहाणपण त्याच्याकडं होतं, आणि संसाराला तेवढं पुरतं.

तिचं काम सांगायला सोपं, करायला मरणाचं. कुणी पोर बोलत नाही, कुणी हाक मारली की पळतं, कुणी चावतं. अशा एकेका पोराला ती छोट्या टेबलापाशी घेऊन बसायची. मोठ्या घासाचे चिमणीचे घास करायचे, हीच तिची सगळी विद्या. 'बस' म्हटल्यावर नुसतं टेकलं तरी शाबासकी आणि चार दाणे भडंग. मग बसणं, मग बघणं, मग बोट दाखवणं, मग शब्द.

अमरेश तिच्याकडं आला तो सहा वर्षांचा असताना. पहिल्याच दिवशी तिच्या मनगटाला चावला. बाप सोमलिंग शेटे मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या, आवाज सौद्यातला, घरातसुद्धा खाली यायचा नाही. आई शिवम्मा निपाणीकडची, बोलायची कमी आणि बघायची जास्त. वर्षं गेली, दोन हजार तीन साल आलं. अमरेश बारा वर्षांचा झाला. टेबलाशी बसला की नाव सांगायचा, गाव सांगायचा, रंग, भाज्या, बैल, बंब, सगळं सांगायचा. पण अडतीवर कुणी "काय रं, कुणाचा तू?" म्हटलं की कानांवर हात. घरी पाहुणे आले की धान्याच्या कणगीमागं. टेबलाशी वाघ आणि उंबऱ्याबाहेर शेळी.

हे हेमलताला टोचत होतं. टेबल घेऊन का कुणी जत्रेला जातं? माणसात बसायला शिकायचं तर माणसंच लागणार. तिनं ठरवलं, शनिवारी दुपारी चार पोरं एकत्र आणायची. टेबल बाजूला. एकमेकांना हाक मारायची, पाळी येईपर्यंत थांबायचं, हवं ते मागायचं, नको ते नको म्हणायचं.

पोरांच्या आया कुरकुरल्या. आमचं एक गुण शिकायचं आणि दुसऱ्याचे चार अवगुण घेऊन यायचं, म्हणाल्या. सोमलिंग तर थेट गोठ्यात येऊन उभा राहिला.

"एका पोराला एक बाई हुती, ते बरं हुतं. आता चौघांत एक? बाई, गुळाची ढेपसुद्धा अशी फोडून देत न्हाय आम्ही."

"ढेपेला मित्र लागत न्हाईत, सोमलिंगअण्णा," हेमलता म्हणाली. "पोराला लागत्यात."

शिवम्मानं मागून मान हलवली आणि शनिवार सुरू झाला.

गोठ्याचा एक नियम होता. कुणी 'नको' म्हटलं की विषय संपला, समोरच्यानं मागं सरायचं. हे हेमलतानं मोठ्या ग्रंथांतून घेतलं होतं आणि ते अमरेशला अमृतासारखं लागू पडलं. आधी नकोसं झालं की तो चावायचा. आता म्हणायचा, "नको." आणि जग ऐकायचं. चावणं थांबलं. शिवम्मा घरी जाताना पोराचा हात धरून ताठ मानेनं चालायला लागली.

मग आला श्रावणातला सोमवार. सोमलिंगाच्या थोरल्या भावाच्या घरी जेवण होतं. शेट्यांच्यात जेवण म्हणजे हुग्गी, गव्हाची खीर, गूळ-तुपानं थबथबलेली. पंगत बसली. अमरेश आईशेजारी बसला, खाली मान घालून जेवलासुद्धा. थोरली काकू गंगव्वा हुग्गीची पळी घेऊन आली.

"नको," अमरेश म्हणाला. स्पष्ट म्हणाला. शिवम्माला वाटलं, आता सगळ्यांनी ऐकलंच असेल.

"लाजतंय लेकरू," म्हणत गंगव्वानं पळी रिकामी केली.

"नको!"

"असं कसं नको? माझ्या हातचं नको व्हय?" दुसरी पळी.

तिसऱ्या पळीला ताट उडालं. हुग्गी काकाच्या पांढऱ्या धोतरावर, ताट देव्हाऱ्यापाशी आणि अमरेश कणगीमागं.

आता यात गंगव्वाचं काय चुकलं? तिच्या उभ्या आयुष्यात एका 'नको'वर कुणी थांबलं नव्हतं, ती स्वतःही नाही. पहिल्या 'नको'ला पळी मागं घेतली तर पाहुणा घरी जाऊन सांगेल, शेट्यांनी उपाशी उठवलं. कोल्हापुरात पाहुण्याचं पोट त्याच्या तोंडाला विचारून भरत नाहीत.

सोमलिंग दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याचा आवाज चक्क खाली होता. हेमलताला त्याचीच भीती वाटली.

"माघात धाकट्या भावाचं लगीन हाय. दोनशे घरची माणसं येणार. त्यात हा माणसासारखा पंगतीला बसला तर ठीक. न्हाय तर लांब एक वसतिगृह बघून ठेवलंय. तिथं असली पोरं ठेवून घेत्यात. घरात माझी म्हातारी हाय, पै-पावणा हाय. मी किती जणांची धोतरं धुवू?"

शिवम्मा पदराचं टोक पिळत उभी होती. सोमलिंग बाहेर गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "ताई, त्याला रात्री माझा हात लागतोय वो झोपायला."

हेमलता रडत बसणाऱ्यांतली नव्हती. पोरगं चुकलं नव्हतं, शिकवलं होतं तेच त्यानं केलं होतं. तिनं त्याला एक बाजू शिकवली होती, समोरच्या पळीची बाजू शिकवलीच नव्हती. ग्रंथ लिहिणारे ज्या मुलखातले, तिथं 'नको' म्हटलं की वाढणारा पुढं जात असेल. आपल्याकडं 'नको' ही नुसती सुरुवात असते.

मग ती मिळेल त्या पंगतीला जाऊन बसायला लागली. बारसं, डोहाळजेवण, जोतिबाच्या नवसाचं जेवण, काही सोडलं नाही. स्वतः कमी जेवायची आणि लोक नाही कसं म्हणतात ते बघत राहायची.

"तू जेवायला आलीयंस का पंचनामा करायला?" नवरा कुजबुजला.

"गप जेवा. आता ते आण्णा काय करत्यात बघा."

आण्णा म्हणजे समोरचे एक तालेवार पाहुणे. त्यांनी आधी नुसतं "नको" म्हटलं, हसत. पळी थांबली नाही. मग दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि अंगानं पुढं झुकले. पळी घुटमळली. "एवढं माझ्यासाठी" आलं, तेव्हा त्यांनी बोटाचं टोक दाखवलं, "एवढंच." तेवढं पडलं. वाढणारीचा मान राहिला, आण्णांचं पोट राहिलं. हेमलताला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. याचेही चिमणीचे घास होतातच की!

ती झुंबरबाईकडं गेली. "मावशी, शनिवारी गोठ्यात पंगत वाढायला या. पोरांस्नी आग्रह करायचा."

"आग्रह? ते काय शिकवायला लागतंय व्हय मला!"

"लागंल. मी सांगीन तेवढाच करायचा."

झुंबरबाई आली आणि संगं गल्लीतल्या धोंडुबाईला घेऊन आली. पहिल्यांदा रिकामी पळी, मग पळीत पाणी, मग ताकभात. रिकामी पळी ताटाकडं येताना बघूनच अमरेश उठला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. हेमलतानं त्याला ओढलं नाही. पळी लांब धरायला लावली, मग थोडी जवळ. हात आडवा केला की पळी थांबायची, बोट दाखवलं की तेवढाच थेंब पडायचा. पोरांना कळायला लागलं. पोरांपेक्षा झुंबरबाईनं घाम काढला. 'थांबा' म्हटलं तरी तिचा हात आपसूक पुढं जायचा.

"मावशी, एवढंच म्हणाला न्हवं तो?"

"अगं, एवढ्यात काय हुतंय त्याचं? बरगड्या बघ की!"

धोंडुबाई म्हणायची, "हेमा, ह्या म्हातारीला आधी टेबलाला बसीव. भडंग दे चार दाणे."

पुढं हेमलतानं पळी पोरांच्या हातात दिली. वाढणाऱ्याला काय वाटतं तेही कळू दे, म्हणाली. अमरेशला ते भलतंच आवडलं. पळी आपल्या हातात असली की आपल्या ताटात कुणी ओतत नाही, हे त्यानं लगेच हेरलं. झुंबरबाईला वाढायला गेला. ती लाडात "नको" म्हणाली आणि हा सरळ पुढं निघून गेला.

झुंबरबाईचं तोंड उतरलं. "एकदाच इचारलंन् बघ मला!"

"तुम्हीच नको म्हणाला की," हेमलता म्हणाली.

"म्हणायचं असतंय ते! म्हणून काय जायचं व्हय?"

म्हणून मग तेही शिकवलं. समोरच्याचा हात आडवा येईपर्यंत विचारत राहायचं.

माघ आला. मंगल कार्यालयाच्या अंगणात पंगती मांडल्या होत्या. हेमलताला बोलावणं होतं. ती शिवम्माच्या समोरच्या ओळीत बसली, पण लांब. मधे पडायचं नाही, हे तिनं स्वतःला बजावून ठेवलं होतं. ताशा थांबला, श्लोक झाले, आणि हुग्गीची बादली घेऊन गंगव्वाच आली. दुसऱ्या कुणाला ती येऊ देईल कशाला?

"नको," अमरेश म्हणाला.

पळी तिरकी झालीच. अमरेशनं दोन्ही तळवे ताटावर धरले. कान लालबुंद झाले होते, श्वास मोठा झाला होता. शिवम्माचा घास तोंडातच राहिला. पलीकडच्या ओळीतून सोमलिंग अर्धा उठला.

"एवढं माझ्यासाठी रं," गंगव्वा म्हणाली.

अमरेशनं एक हात उचलला. बोटाचं टोक दाखवलं. "एवढंच घाला की, काकू."

गंगव्वा बघतच राहिली. या पोरानं जन्मात तिला काकू म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरले आणि त्या भरात तिच्या हातून अख्खी पळी ताटात पडली.

हेमलता उठणार होती, पण गुडघ्यावर हात दाबून बसली. हे तिनं शिकवलेलं नव्हतं. आता जे होईल ते त्याचं स्वतःचं.

अमरेशनं ताटाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बोटानं हुग्गीच्या दोन वाटण्या केल्या, मोठी ताटाच्या कडेला, बोटाएवढी आपल्याकडं. "लई झालं," म्हणाला, आणि आपली वाटणी खाल्ली.

"ऱ्हाऊ दे बाळा, ते टाक," गंगव्वा पदरानं नाक पुसत म्हणाली. तिच्या घराण्यात अन्न टाकायची परवानगी मिळालेला तो पहिलाच माणूस असावा.

एवढ्यावर अमरेश थांबला नाही. हात धुऊन आला आणि गंगव्वाच्या बादलीला हात घालून म्हणाला, "मी." ती बिचारी पाघळलेलीच होती, तिनं बादली दिली. ओळीनं वाढत तो बापासमोर आला. सोमलिंगाला डॉक्टरनं गोड बंद केलं होतं, त्याचं 'नको' अगदी खरं होतं.

"नको."

"घ्या की, अप्पा."

"अरं, नको म्हणतोय."

"घ्या की."

सोमलिंगानं पोराकडं बघितलं. पोरगं त्याच्या डोळ्यांत बघत उभं होतं, पळी धरून. सौद्यात भले भले व्यापारी उठवणाऱ्या त्या माणसानं बोटाचं टोक दाखवलं. "एवढंच घाल."

तेवढीच पडली. बोटापेक्षा कणभरही जास्त नाही.

पुढं थोडा घोटाळा झाला. नवरीच्या मामांचं जेवण झालं होतं. ते सुपारी शोधत नुसतंच "नको नको" म्हणत राहिले, हात काही आडवा केला नाही. हात आडवा नाही म्हटल्यावर अमरेश वाढत राहिला. मामांच्या ताटात हुग्गीचा डोंगर झाला तेव्हा कुठं शिवम्मानं धावत जाऊन बादली घेतली. हेमलता पोट धरून हसत होती. शनिवारचं पुढचं काम ठरलं होतं.

विडे वाटताना थोरला भाऊ सोमलिंगाजवळ येऊन बसला. "त्या वसतिगृहाचं काय झालं? तिथला माणूस इचारत हुता, कधी सोडताय म्हणून."

"कुणाला?" सोमलिंगाचा आवाज पुन्हा सौद्यातला झाला होता. साऱ्या अंगणानं ऐकलं. "त्याला सोडलं तर उद्याच्या वऱ्हाडाला वाढायचं कुणी? तू वाढणार हाईस?"