पायडलवरचे कॉम्प्युटर

आमच्या गल्लीत माझ्या आत्याबद्दल एक गोष्ट पसरलेली होती: तिच्या कॉम्प्युटर क्लासात चुकीचं बटण दाबलं की ती बोटाला सुई टोचते. गल्लीच्या तोंडाशी ऐकलं तर नुसती सुई. मागच्या टोकाला पोचेपर्यंत तिची कात्री झालेली असायची. चष्म्याच्या दुकानातले भाऊ तर शपथेवर सांगायचे की त्यांच्या साडूचं एक नख त्या क्लासात गेलं. साडूंना मी पाहिलंय. नखं सगळी जागच्या जागी होती, फक्त धुतलेली नव्हती.

खरं इतकंच की सुई होती. पण ती टोचायला नव्हे, उसवायला. नवा माणूस यायचा, कॉम्प्युटरसमोर अंग चोरून बसायचा आणि हात मांडीखाली घालून म्हणायचा, काही बिघडलं तर? मग आत्या त्याच्या हातात एक चिंधी द्यायची. तिच्यावर मुद्दाम वाकडी शिलाई मारलेली असायची. ही उसवा, म्हणायची. माणूस बिचारा कॉम्प्युटर शिकायला आलेला. तो मान खाली घालून सुईच्या टोकाने एकेक टाका उचकटत बसायचा. उसवून झालं की आत्या चिंधी झटकून उजेडात धरायची.

"कापड कुठे गेलं?"

"कुठे जाणार? हे काय."

"मग बिघडलं काय?"

आणि लगेच कीबोर्डवरची कंट्रोल आणि झेड ही दोन बटणं दाखवायची. हे आपलं उसवायचं. आता दाबा काय दाबायचं ते.

मुळात तो शिवणक्लासच होता. तयार कपड्यांची दुकानं झाली तशा शिवण शिकायला येणाऱ्या मुली कमी होत होत संपल्या. खोलीत मशीनं उरली आणि आत्या उरली. त्याच सुमारास कोपऱ्यावरच्या ऑफिसने आपले जुने कॉम्प्युटर भंगारात काढले. आत्याने ते हातगाडीवर घालून आणले, वर चादर पांघरून, नवरीला सासरी आणावं तसे. त्याआधी त्याच ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंचं डोकं तिने, मलाही शिकवा म्हणून, जेवणाच्या सुट्टीत रोज खाल्लं होतं. त्या बाई म्हणे नंतर डबा लपून खायला लागल्या.

टेबलं कुठून आणायची? शिलाई मशीनची डोकी काढली आणि स्टँडवर कॉम्प्युटर बसवले. खालची पायडलं तशीच राहिली. त्यामुळे आमच्या क्लासात सगळे टाइप करता करता पाय मारायचे. गुडघेआजी (गुडघ्यांशिवाय दुसरा विषय नव्हता, म्हणून हे नाव) तर सांगायच्या की डॉक्टरांनी त्यांना हाच व्यायाम दिलाय. अक्षर सापडलं नाही की त्यांचा पाय थांबायचा, सापडलं की खटखटखट. डोळे मिटूनसुद्धा कळायचं कोण कुठे अडलंय.

त्या खोलीला मशीनच्या तेलाचा वास होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. कॉम्प्युटरवर अस्तराच्या उरलेल्या कापडाच्या खोळी होत्या, एक गुलाबी, एक पट्ट्यापट्ट्यांची, एकीला चुकून खिसाही होता. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन तिथेच यायचे, कारण एका जागी इतके तऱ्हेतऱ्हेचे आवाज आणखी कुठे मिळणार? मला तेव्हा सगळे टेपरेकॉर्डर म्हणायचे. कुणाचंही बोलणं एकदा ऐकलं की माझ्या तोंडात बसायचं. आत्याचं तर पाठच होतं. ती ओठांच्या कोपऱ्यात टाचण्या धरून बोलायची, शिवण सुटलं तरी ती सवय सुटली नव्हती, त्यामुळे तिचे निम्मे शब्द बाहेर यायचे आणि निम्मे टाचण्यांत अडकायचे. "शुई कुठेय बघा. शुईच्या मागे पुशा." मी तिच्या पाठीमागे हे करून दाखवायचे आणि सगळी पायडलं एकदम थांबायची.

ही सुई म्हणजे पडद्यावर लुकलुकणारी उभी रेघ. आत्याने सगळ्याला शिवणकामातली नावं दिली होती. अक्षरांचा आकार म्हणजे माप. एकीकडचा मजकूर दुसरीकडे लावायचा म्हणजे ठिगळ. सेव्ह करायचं म्हणजे गाठ मारायची. "गाठ न मारता उठलात तर घरी जाईपर्यंत उघडे पडाल," हे तिचं रोजचं वाक्य. आणि चूक झाली की उसवा. मी आता अकरावीत आहे, प्रोजेक्ट करताना बोटं आपोआप त्या दोन बटणांवर जातात आणि तोंडातल्या तोंडात "उसव" निघतं. शेजारची मैत्रीण विचारते, काय म्हणालीस? काही नाही म्हणते. कुठून सुरुवात करून सांगायचं?

तर, खोली नगरपालिकेची होती. एका दुपारी तिथले कारकून आले, दारातच उभे राहिले आणि नाकातून म्हणाले की इथे पाणीपट्टी भरायची खिडकी काढायचीय. क्लास प्राथमिक कॉम्प्युटर शिक्षणाचा म्हणून मान्य झाला तर खोली तुमच्याकडे राहील. आमच्या ऑफिसातल्या मॅडम येऊन विद्यार्थ्यांची परीक्षा घेतील आणि काय ते ठरवतील. जाता जाता वळून एक टोमणा मारलाच. "ते ठिगळं न् गाठी मॅडमसमोर नकोत हं बाई. त्यांना शुद्ध कॉम्प्युटर लागतो."

ते गेल्यावर मी लगेच नाकातून "शुद्ध कॉम्प्युटर" करून दाखवलं. कुणी हसलं नाही. आत्या पट्ट्यापट्ट्यांची खोळ घडी करत होती. घडीवर घडी, ती रुमालाएवढी झाली तरी थांबेना. आत्याचं घर म्हणजे दीड खोली. तिथे एक स्टँड जरी ठेवला असता तर तिला झोपायला बाहेर जावं लागलं असतं. ही खोली गेली की क्लास गेला, हे गुडघेआजींनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून शुद्ध कॉम्प्युटर सुरू झाला. आत्या फळ्यावर नावं लिहायची आणि सगळे चुलीपुढे बसल्यासारखे घामाघूम व्हायचे. पेस्ट म्हटल्यावर घंटामामा म्हणाले, दात सकाळीच घासलेत. घंटामामा म्हणजे आमच्या शाळेत घंटा वाजवणारे. मुख्याध्यापकांनी सूचना टाइप करायचं काम त्यांच्या गळ्यात मारलं होतं म्हणून ते यायचे. अन्डू म्हटल्यावर गुडघेआजींनी शेजारणीला हळूच विचारलं की मध्येच अंडं कुठून आलं. सगळ्यांत वाईट हाल आत्याचे. ती "अन्डू करा, म्हणजे उसवा" म्हणायची आणि कपाळावर हात मारून घ्यायची.

मी म्हणाले, आत्या, काही उपयोग नाही, मॅडमसमोर तुझ्या तोंडून एकदा तरी "उसव" निघणारच.

"नाही निघणार."

"पैज?"

आत्याने टाचण्या काढून हातावर ठेवल्या. ती पैजेच्या बाबतीत गंभीर असायची. तिच्या तोंडून शब्द निघाला तर ती मला भरपूर खिशांची पँट शिवून देणार. नाही निघाला, तर मी तिची नक्कल तिच्या तोंडासमोर करायची, सगळ्या क्लासादेखत. म्हणजे तिला माहीत होतं! मी तोपर्यंत समजत होते की तिला काही पत्ता नाही.

मॅडम आल्या. मला वाटलं होतं कुणीतरी करडी बाई येईल. या बसून बसून पाठ धरलेल्या, साध्या, दमलेल्या होत्या. त्यांनी पाणी मागितलं, खोळींवरून हात फिरवला, खिसा बघून हसल्या आणि घंटामामांना म्हणाल्या की उद्या सुट्टी आहे अशी सूचना टाइप करा. पायडल चालू झालं. मामांनी सुरेख टाइप केलं. मग अक्षरं मोठी करा म्हटल्यावर त्यांनी सगळा मजकूर निवडला, तोही बरोबर, आणि मग त्यांचा अंगठा कुठेतरी टेकला.

पान कोरं.

पायडल थांबलं. सगळीच थांबली. घंटामामांचे दोन्ही हात कीबोर्डच्या वर तसेच राहिले, कुणी "हात वर" म्हटल्यासारखे.

"हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "अन्डू करा."

मामांनी फळ्याकडे पाहिलं. फळा आत्याने सकाळीच पुसला होता. मग त्यांनी आत्याकडे पाहिलं. त्यांच्या कानामागून घामाचा ओघळ निघाला. मॅडमनी पुन्हा सांगितलं, जरा सावकाश, आणि मग पर्समधून पेन काढलं. पँट नको मला, आत्या, पण बोल ना, म्हणून मी मनातल्या मनात तिच्या कानात ओरडत होते. तिचं तोंड उघडलं.

"मामा," ती म्हणाली, "अन्डू."

आणि तिने उजवा हात वर केला. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हवेतला एक टाका पकडला, डाव्या हाताने कापड ताणून धरलं, आणि टाका वर ओढला. मग पुढचा. तिथे ना सुई होती ना कापड, पण मला धागा तुटताना ऐकू आल्यासारखं वाटलं.

"अरे, उसवायचं होय!" घंटामामा म्हणाले. "मग तसं सांगा की!" दोन बटणं दाबली, आणि सूचना होती तशी परत आली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. उसवायचं म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मामांनी सांगितलं, आणि मग त्यांना आवरणं कुणाच्या हातात नव्हतं: सुई, माप, ठिगळ, गाठ, सगळं करून दाखवलं. गुडघेआजींनी मध्येच उठून आपल्या पानाला गाठ मारून दाखवली आणि गुडघ्यांबद्दलही दोन शब्द सांगितले. ही नावं कुणी ठेवली, असं मॅडमनी विचारल्यावर आत्या अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली की विद्यार्थी काय वाटेल ते बोलतात, मी शुद्धच शिकवते.

मॅडम हसल्या, पण नंतर जे म्हणाल्या ते मला आजही पटतं. हे लोक उद्या दुसऱ्या ऑफिसात जाऊन गाठ मारा म्हणाले तर तिथे कुणाला कळणार? काम त्यांना येतंय, पण ते बाहेर बोलता आलं पाहिजे. तेव्हा दोन्ही नावं शिकवा. या अटीवर खोली राहिली. आणखी काही वर्षं राहिली, लोक मोबाइलवर आपले आपण शिकायला लागेपर्यंत. आता तिथे पाणीपट्टीची खिडकी आहे आणि आत्या माझ्या आतेभावाकडे राहायला गेलीय.

पण त्या दिवशी मॅडमची पाठ वळताच मी भांडायला उभी राहिले. खूण केली म्हणजे बोलल्यासारखंच, पैज मी जिंकले. आत्या म्हणाली, शब्द निघाला का? नाही निघाला. न्यायनिवाड्याला घंटामामांना बसवलं. ते मघापासून इतके खुशीत होते की त्यांनी आत्याला फाशीसुद्धा माफ केली असती.

मग काय. मी खोलीच्या मध्ये उभी राहिले, ओठांत खोट्या टाचण्या धरल्या आणि सुरू केलं. शुईच्या मागे पुशा. उघडे पडाल. चिंधी झटकून कापड कुठे गेलं. सगळी पायडलं थांबली, गुडघेआजी डोळे पुसायला लागल्या, आणि आत्या समोरच्या स्टुलावर हाताची घडी घालून, एकदाही न हसता, परीक्षा घेत असल्यासारखी बघत होती.

"आता मघाचं कर," ती म्हणाली. "न बोलता."

मी चिमटी वर केली. हवेत टाका शोधला. ओढला. खोलीत कुणीच हसलं नाही.

"धागा कुठेय?" आत्या म्हणाली.

मी पुन्हा करून बघितलं. नव्हता.

"हरलीस," ती म्हणाली, आणि मला आपल्या शेजारी स्टुलावर जागा करून दिली.