डासबाईंचा हात

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे डासबाई म्हणतात. बावीस वर्षं त्या सुईच्या टोकाने डासांच्या लाळग्रंथी काढतायत आणि त्यातले मलेरियाचे जंतू बशीतल्या यकृताच्या पेशींवर सोडतायत.

नव्या साहेबांनी एक बशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि ते भडकले. "जंतू एका पेशीत बसलाय, मग शेजारच्या चार फाटल्या कशा? बाई, तुमचा हात थरथरतो आता. बास करा."

"माझा हात नाही, साहेब. तो मेला जंतूच चार घरं फोडतो आणि मग पाचव्यात बिऱ्हाड थाटतो."

"मला शिकवू नका!"

बाई ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हेतच. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच हाताने दोन बशा मांडल्या. एकीत मलेरियाचे जंतू असलेल्या डासांची लाळ, दुसरीत निरोगी डासांची. मग फाटक्या पेशीतच शिरणारा लाल रंग दोन्हींत सोडला आणि साहेबांना हाताला धरून आणलं.

पहिल्या बशीत लालच लाल ठिपके होते. दुसरी जवळजवळ स्वच्छ. साहेब नुसतेच भिंग फिरवत राहिले.

"अहवालात काय लिहू?" बाईंनी विचारलं. "निरोगी डास दिसला की म्हातारीचा हात थरथरायचा थांबतो?"