गुलाबी राहिलेली बाटली

मी फसवलं ते वनिताताईला. आपल्या वळ गावचीच, रसायनशास्त्र शिकलेली, आमच्याच आळीतली. गेल्या मार्गशीर्षातल्या ग्रामसभेत, दुपारी चारला. हे आजवर कुणाला बोललो नाही. तुम्हाला तर नाहीच — तुम्ही माझी पत्रकं विश्वासाने वाचणारे.

कापड रंगवणारे डाईंगवाले रंगाचं पाणी आपल्या नाल्यात सोडतात. त्यावर ताई चार वर्षं एक भुकटी बनवत होती — झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाची. तिच्या कणाकणात डोळ्यांना न दिसणारे पिंजरे. तांब्याचं संयुग ती पिंजऱ्याच्या आतच जुळवायची; जुळलं की ते दारातून बाहेर मावत नाही. वरून पेरॉक्साइड घातलं की हे कोंडलेलं तांबं रंग तोडतं. एका डाईंगवाल्याने चाचणीसाठी तिला आवारात टाकी ठेवू दिली, आणि माझं डोकं फिरलं. त्यांच्या आवारात? तेही तांबं? विकली गेली ही, असंच वाटलं.

सभेच्या सकाळी जाब विचारायला गेलो. तिने नाल्याच्या लाल पाण्याच्या दोन बाटल्या पुढे ठेवल्या, दोन्हींत भुकटी आणि पेरॉक्साइड घातलेलं. एकीत भुकटी तशीच — पाणी नितळ. दुसरीतली भुकटी रंग अर्धा तुटल्यावरच गाळून काढलेली — पाणी गुलाबीच.

"म्हणजे ही फेल?"

"आरं पत्रकवाल्या, ती गुलाबी ऱ्हायली म्हनून तर मी पास! तांबा पान्यात सुटला असता, तर भुकटी काढल्यावर पन रंग गेला असता. न्हाय गेला. म्हंजे तांबा आतच हाय."

मला कळलं होतं का? इथेच माझा गोंधळ होतो. मान तर हलवली होती. अर्धवट कळलं असेल — मग पुन्हा का नाही विचारलं? निघताना बाटली मागितली, लोकांना समजावतो म्हणून. पण गुलाबीच का मागितली? नितळ का नाही? — नाही. कळलं होतं. तिच्याविरुद्धचं पत्रक आधीच छापून झालं होतं, एवढंच.

सभेत बाटली उंच धरली. "बघा! रंग जात नाही, वर तांबं आपल्या पोटात!"

मागून ताई ओरडत होती, "दुसरी बाटली पन दाखव ना रं!" लोकांनी तिलाच गप्प केलं. मी बघत राहिलो. चाचणी बंद करायचा ठराव झाला, टाकी उचलली गेली. तिचं काम तिथेच थांबलं. नाला अजून लाल वाहतो, आणि ताई मला ओळख दाखवत नाही.

ग्रामसभा पुन्हा भरेल. या, आणि तो ठराव रद्द करा. कारण म्हणून माझं खोटं नोंदवा — माझ्या नावासकट.