बाबांनी साफ केलेली अक्षरं

बाबांचा दाढीचा ब्रश झिजून पार झाडू झाला, तेव्हा त्यांनी तो फेकला आणि मी उचलला. तो शाईत बुडवून मी कागदावर देवनागरी अक्षरं ओढली. फाटक्या कडांची, मध्येच शाई संपलेली, आजूबाजूला शिंतोडे उडालेली. त्यांचाच पुढे माझा पहिला फॉन्ट झाला. असली अक्षरं बारीक मजकुराच्या कामाची नाहीत, आणि पत्रिकेवर घातली तर लग्न मोडेल. पण पाटीवर, पोस्टरवर कशी खणखणीत बोलतात!

बाबांचा उभा जन्म सरकारी खात्यात नकाशे काढण्यात गेला. माझ्या कामाबद्दल ते चांगलं-वाईट काहीच बोलत नसत. एकदा तरी त्यांनी ‘बरं जमलंय’ म्हणावं, एवढीच माझी हाव होती.

इंदूरच्या विजय नगरातल्या एका नव्या चहावाल्याने फॉन्ट घेतला. पेंटरने दुकानाच्या पांढऱ्या भिंतीवर लाल रंगात, शिंतोड्यांसकट, ‘कडक चाय’ उतरवलं. उद्घाटनाला मी बाबांना बोलावलं, पण अक्षरं माझी आहेत हे मुद्दाम सांगितलं नाही. आधी बघू देत, मग सांगू.

आता, बाबा पक्के इंदुरी. रस्त्यावर कुणी पुडी टाकली तर स्कूटर वळवून त्याला ती उचलायला लावतात. शिवाय कुठेही वेळेच्या खूप आधी पोचतात. मी गेले तेव्हा ते स्टुलावर उभे होते, हातात पेंटरचा उरलेला पांढरा रंग. ‘कडक’भोवतीचा एकूण एक शिंतोडा गायब झाला होता आणि अक्षरांच्या कडा पट्टी लावल्यासारख्या सरळ. ‘चाय’ तेवढं राहिलं होतं.

“पेंटर एकदम लापरवाह निघाला, बेटा,” ते खुशीत म्हणाले. “सगळीकडे छींटे! म्हटलं, लोकं यायच्या आत साफ करून देतो.”

माझं डोकंच फिरलं. “बाबा, ते छींटे माझे आहेत. तुमच्या दाढीच्या ब्रशाने काढलेत. अक्षरंच माझी आहेत!”

तेवढ्यात दुकानदार आला. “अरे अंकलजी, ये क्या कर दिया!”

बाबा खाली उतरले. मग मला हळूच म्हणाले, “कुठे कुठे होते?”

मी मोबाईलवर मूळ चित्र दाखवलं. त्यांनी लाल डबा मागितला, चष्मा पुसला आणि पुन्हा स्टुलावर चढून शिंतोडे परत लावायला लागले. “बाबा, ब्रश नुसता झटका,” मी सांगत होते. ते झटकेनात. एकेक ठिपका जपून, सारख्या आकाराचा, सारख्या अंतरावर, रांगोळीचे ठिपके घालावेत तसा. लोक जमले, चहा उकळून उकळून काळा झाला, दुकानदार घड्याळ बघत राहिला.

शेवटी खाली उतरून, मागे सरून, ‘चाय’कडे बघत बाबा म्हणाले, “तुझे जास्त बरे जमलेत.”

फॉन्टच्या नव्या आवृत्तीत मी ‘क’भोवती बाबांचे ठिपके घातलेत. इतक्या रासवट अक्षरांत हे एकटंच असं शहाण्यासारखं का बसलंय, अशी गिऱ्हाइकांची तक्रार येते. मी ते बदलत नाही.