उलट्या आट्यांचं रीळ

माझ्या सासूबाईंशी माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. आजही पटत नाही. त्या सायकल दुरुस्त करतात, मी काचा कापतो. त्यांचा सगळा दिवस ठोकण्यात, पिळण्यात आणि हाताला काळं लावून घेण्यात जातो. माझ्या धंद्यात जरा जोरात फुंकर मारली तरी माल वाया जातो. तर आमचं जमायचं कुठून?

सासरे गेले तेव्हा दुकानाचं शटर खालीच राहील असं सगळ्यांना वाटलं होतं. सासूबाईंच्या दिरानं दुकान विकायला गिऱ्हाईकही बघून ठेवलं. या बाईनं त्याला चहा पाजला, गोड बोलून वाटेला लावला आणि दुसऱ्या दिवशी शटर वर केलं. तोवर त्यांनी पान्याला हात लावला नव्हता. घरातलीच एक सायकल त्यांनी पार खिळखिळी करून तिचे सुटे भाग जमिनीवर मांडले, आणि मग आठवडाभर ती काही जोडता येईना. गल्लीतली माणसं येता-जाता हसायची. हसू दे म्हणाल्या. सायकल शेवटी जोडली, तिच्यावर बसून गल्लीत चक्कर मारली आणि हसणाऱ्यांच्या दारासमोर मुद्दाम घंटी वाजवली. सुरुवातीला एकानं विचारलं होतं, "मालक कुठे आहेत?" तर म्हणाल्या, "मालक वर गेलेत. तुम्हाला त्यांना भेटायचंय की पंक्चर काढायचंय?" तेव्हापासून त्यांचं नाव पडलं मेकॅनिकबाई. मी तोंडावर आई म्हणतो, मनातल्या मनात मेकॅनिकबाईच.

आता भिंगरीबद्दल. भिंगरी माझी मुलगी, पाच वर्षांची. डावा हात कोपराच्या खाली चार बोटंच आहे, पुढे पंजा नाही. जन्मापासूनचं आहे. डॉक्टर म्हणाले बाकी मुलगी ठणठणीत, आणि ती आहेच. पण आम्ही तिला तळहातावरच्या फोडासारखी जपली. जपणार नाही तर काय? सकाळी उठली की मी तिला कपडे घालायचो, तिची आई घास भरवायची, बूट पुन्हा मीच घालायचो. मागायच्या आधी वस्तू समोर हजर. पोर नुसती हात वर करून उभी राहायची, एखाद्या महाराणीसारखी. बोलायचीही कमी. मागायला लागतच नव्हतं तर बोलणार कशाला?

मागच्या वर्षी शाळेत घेऊन गेलो तर मोठ्या बाई म्हणाल्या, "हिच्यासोबत दिवसभर घरचं माणूस बसवा, नाहीतर अजून एक वर्ष घरी ठेवा." आम्ही घरी ठेवली. या वर्षी पुन्हा सोमवारी बोलावलं होतं. मी बायकोला म्हटलं, आणखी एक वर्ष राहू दे घरी, काय बिघडतं? चार पोरं तिच्या हाताकडे बघून फिदीफिदी हसणार, मला ते सोसायचं नाही. हे नेमकं सासूबाईंच्या कानावर पडलं.

"मग पुढच्या वर्षी तिला पंजा फुटणार आहे का?" त्या म्हणाल्या.

त्यांनी हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबली, बुडबुडा कुठून येतो ते बघितलं आणि माझ्याकडे न बघताच जाहीर केलं, "रविवारी मी तिला मासे धरायला नेणार."

मी उडालोच. "मासे? तळ्यावर? आई, तिला एकच हात आहे!"

"माशाला तर एकही नाही," त्या म्हणाल्या.

बायको रविवारी कामावर असते. तिनं हसत हसत आईचीच बाजू घेतली आणि मला म्हणाली, तूही जा सोबत, नाहीतर दिवसभर गिऱ्हाइकांच्या काचा फोडशील. गेलो. न जाऊन सांगतो कुणाला!

सासूबाईंनी तिच्यासाठी काठी बनवली होती. बनवली म्हणजे काय, दुकानातलं भंगार एकत्र केलं होतं. बांबूची हलकी काठी, तिच्या मागच्या टोकाला सायकलच्या जुन्या सीटचं चामडं शिवून केलेली बाही. बाहीला आतून ट्यूबचं मऊ रबर. ती बाही भिंगरीच्या डाव्या हातावर चढवायची आणि पट्टा आवळायचा, म्हणजे काठी हाताचाच भाग. उजव्या हाताला रीळ. ते रीळ केलं होतं लहान मुलांच्या सायकलच्या फ्रीव्हीलचं. दोरा आत गुंडाळताना कर्रर्र वाजायचं आणि उलटं फिरायचं नाही. फिरवायला पायडलची छोटी दांडी, तिच्यावर लाकडी मूठ. दुकानात फिरवून बघितलं तर लोण्यासारखं फिरलं. मी खोट काढायला म्हणून दोनदा तपासलं, सापडली नाही.

तळ्यावर बरीच माणसं गळ टाकून बसलेली. आम्हाला बघितल्यावर माना वळल्या. एकजण घडीच्या खुर्चीवर, डोक्याला टोपी, शेजारी चकाचक महागडी काठी आणि हातजाळं. त्यानं भिंगरीचा हात बघितला आणि ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अरेरे, बिचारी!"

सासूबाई थांबल्या. "बिचारी कशानं? तुमच्या शेजारी बसायला लागतंय म्हणून?"

टोपीवाला पाण्याकडे बघायला लागला. मला मनातून बरं वाटलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

सासूबाईंनी मग एक जाड ट्यूब काढली. तिचं एक टोक भिंगरीच्या कमरेला बांधलं, दुसरं मागच्या झाडाला. ट्यूब ताणली तरी पोरगी पाण्याच्या कडेपर्यंतच पोचेल, एवढीच ठेवली. "बघून घ्या," मला म्हणाल्या. "बुडणार नाही. पडेल. पडली तर पडू दे. तुम्ही तिकडे बसायचं, आणि उठायचं नाही."

"आणि काही झालं तर?"

"झालं तर मी आहे. आणि मीही हात लावणार नाही."

हे कसलं बोलणं! पण बसलो. भिंगरी माझ्याकडे बघून हात वर करून उभी राहिली, गांडूळ लावून दे म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "डबा तुझ्यासमोर आहे." पोर बराच वेळ डब्याकडे बघत राहिली. मग डबा दोन गुडघ्यांत धरला आणि झाकण फिरवलं. गांडूळ वळवळलं तशी किंचाळली. तीन गांडुळं मातीत पडली आणि चालती झाली. चौथं तिनं चपलेखाली हलकेच दाबून धरलं आणि गळाला ओवलं. गळ बोटात गेला असता म्हणजे? हा प्रश्न मी आजही विचारतो. माझी भीती काही खोटी नव्हती.

गळ पाण्यात पडला. दोऱ्याला बांधलेलं बूच तरंगायला लागलं. ऊन चढत गेलं. भिंगरी कंटाळेल, रडेल, घरी चल म्हणेल, मग मी उचलून घेईन, असा माझा हिशेब. पोर काही हलेना. बुचावरची नजर काढेना. मधेच तिनं एकदा नाक पुसलं, तेही स्वतःच, फ्रॉकला.

आणि बूच गेलं. डुबुक करून नाही, सरळ ओढून नेल्यासारखं गेलं. काठी वाकली. भिंगरी दोन पावलं पुढे खेचली गेली, कमरेची ट्यूब ताणली. मी ताडकन उठलो. सासूबाई माझ्यासमोर आडव्या.

"बसा!"

"अहो, खेचतोय तो तिला!"

"तीपण खेचतेय. बघा तरी!"

खरंच खेचत होती. उजव्या हातानं मूठ फिरवत होती, कर्रर्र, कर्रर्र, दात-ओठ खाऊन. दोरा तटतटून ताणलेला. सगळा काठ उभा राहिला. जो तो ओरडायला लागला, "धरा तिला!", "काठी घ्या तिच्याकडची!" आणि ऐन त्या वेळी रिळाची दांडी फिरता फिरता सैल झाली, आणखी सैल झाली आणि मुठीसकट पोरीच्या हातात आली.

भिंगरी हातातल्या दांडीकडे बघत राहिली. "आजी, तुटलं!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "तुटलं नाही गं, सुटलं! उलटे आटे! डाव्या पायडलची दांडी लावली मी!"

सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणजे पाय मारताना पायडल सुटत नाही. दुकानात नुसतं फिरवलं तेव्हा कळलं नाही. माशाचा जोर लागला तसे आटे उकलत गेले. ही चूक फक्त सायकलवाल्याच्याच हातून व्हायची. मला वाटलं, आता तरी ही बाई नमतं घेईल. आपल्याच चुकीनं पोर अडकलीय, जाऊन काठी धरेल. छे! नमतं घेणं त्यांच्या रक्तातच नाही.

"भिंगरे," त्या जागेवरूनच ओरडल्या, "चूक माझी आहे. मासा तुझा आहे. काय करायचं ते कर!"

टोपीवाल्याला राहवलं नाही. हातजाळं घेऊन तो पळत आला, "माणसं आहात की कोण आहात!" म्हणत थेट पाण्याकडे. सासूबाईंनी धावत जाऊन त्याची कॉलर धरली. तो निसटायला गेला, पाय घसरला आणि चिखलात बसला, टोपीसकट. काठावर हशा पिकला. पण माझं लक्ष पोरीकडे. तिनं माझ्याकडे बघितलं. ती काय मागतेय ते मला कळत होतं. तरी मी जागेवरच उभा राहिलो. सासूबाईंनी अडवलं म्हणून नव्हे, त्या तर टोपीवाल्यात गुंतल्या होत्या. तिच्या तोंडून काय निघतंय ते मला ऐकायचं होतं म्हणून.

तिनं दांडी फेकून दिली. "मी करते," म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

आणि वळून चालायला लागली. काठी हाताला बांधलेली, फ्रीव्हील उलटं फिरत नव्हतं, दोरा सुटायचा प्रश्नच नव्हता. काठी खांद्यावरून मागे टाकून ती चढ चढायला लागली, बैल गाडी ओढतो तशी. आपटली. उठली. गुडघा फुटला, रडली, आणि रडत रडत ओढत राहिली. मासा काठावर आला, चिखलात फाडफाड आपटायला लागला, परत पाण्याकडे सरकायला लागला. भिंगरीनं मागे बघितलं, धावत खाली आली आणि सरळ जाऊन माशावर बसली.

बसली म्हणजे बसलीच. फ्रॉकखाली मासा उड्या मारतोय, ही वर हलतेय, आणि तोंडानं आरडाओरडा, "माझाय! माझाय! हात लावू नका कुणी!" काठावरची माणसं टाळ्या पिटायला लागली. सासूबाई टोपीवाल्याला हात देऊन उठवत होत्या आणि म्हणत होत्या, "रागावू नका हो, पण तुमचं तिथं काही काम नव्हतं."

तो कपडे झटकत म्हणाला, "तुमची नात भयंकर आहे."

"आता कसं बरोबर बोललात," सासूबाई म्हणाल्या.

मासा घेऊन आम्ही घरी आलो. दुकानात शिरल्या शिरल्या सासूबाईंनी रीळ खोललं आणि सरळ आट्यांची दांडी शोधायला लागल्या. भिंगरी त्यांच्या शेजारी बसून पाने हातात देत होती. चुकीचा दिला की ओरडा खात होती.

सोमवारी शाळेत मी, सासूबाई आणि भिंगरी असे तिघं गेलो. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "सोबत कोण बसणार ठरलं का?"

"कुणी बसणार नाही," मी म्हटलं. आवाज जरा चढाच निघाला. सासूबाईंनी माझ्याकडे चमकून बघितलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांना माझं काहीतरी आवडलं असावं.

बाईंनी मान हलवली आणि भिंगरीला जवळ बोलावलं. "बाळ, बटण लावता येतं तुला?"

"नाही."

"बुटाची नाडी?"

"नाही."

"पेन्सिलीला टोक?"

"नाही."

गांडूळ लावता येतं, मासा ओढता येतो, हे सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. पण बाई तिलाच म्हणाल्या, गोडच आवाजात, "यातलं काहीच येत नाही, मग शाळेत येऊन तू करणार काय?"

भिंगरीनं त्यांच्याकडे असं बघितलं, जणू एवढ्या मोठ्या बाईंना एवढंही कळत नाही.

"तू शिकव ना," ती म्हणाली. "मला येत असतं तर मी कशाला आले असते?"

मी म्हटलं, "मिळालं ना उत्तर?" बाईंनी टेबलावरची घंटी वाजवली आणि आत आलेल्या शिपायाला सांगितलं, "हिला बालवर्गात नेऊन बसव." शिपायानं तिचं दप्तर उचलायला हात पुढे केला. ते दप्तर तिनं त्याला दिलं नाही.