तीन चमचे खीर

मेंदूच्या अगदी खालच्या भागात, देठापाशी झटका आला आणि पप्पांचं गिळणंच गेलं. सगळं कळायचं, डावा हात हलायचा. पण शब्द फुटत नव्हता आणि पाणीसुद्धा नाकातल्या नळीतूनच. गिळण्याचे व्यायाम घ्यायला एक मॅडम कल्याणहून आमच्या आंबिवलीच्या घरी यायच्या. त्यांनी बजावलं होतं, "ठसका लागला नाही म्हणजे नीट गेलं, असं समजू नका. श्वासनळीत गेलेलं यांना कळतच नाही." मी मोबाइल बघत मान डोलावली. मला त्या बाईंचा रागच यायचा. दीड महिना झाला तरी एक चमचा तोंडाला लावू देत नव्हत्या.

बुद्ध पौर्णिमेला मम्मी खीर करून सकाळीच विहारात गेली. दरवर्षी विहाराच्या दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला खीर वाटायचं काम पप्पांचं. नको म्हणणाऱ्यालाही सोडायचे नाहीत. आता ते माझ्या हातातल्या वाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं.

"मम्मीला सांगायचं नाही हां," मी चेष्टेत म्हटलं. ते अर्ध्या तोंडाने हसले.

तीन चमचे दिले. ठसका नाही, काही नाही. मला कोण आनंद झाला! मॅडम उगाच बाऊ करतात, असं मनात म्हणत मी वाटी धुऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी ताप चढला, छाती घरघरायला लागली. हॉस्पिटलमध्ये न्यूमोनिया निघाला. "तोंडाने काही दिलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही हो, थेंबसुद्धा नाही," मम्मी ठामपणे म्हणाली. मी शेजारीच उभी होते. खरं सांगायला जीभ रेटेना. मग आडवं ठेवून नळीतून दिलं असेल, ते वर येऊन छातीत गेलं असेल, असं डॉक्टर म्हणाले. मम्मीने ते स्वतःवर घेतलं. पप्पा वाचले, पण घरी आले ते थेट पोटात बसवलेली नळी घेऊन.

तेव्हापासून भेटायला कुणीही आलं की ती सांगते, "माझ्याच हातून झालं. उशी नीट लावली नाही मी." मी इतकी भित्री असेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

गेल्या रविवारी आत्यासमोर हे सांगताना मम्मी रडायला लागली. तेव्हा पप्पांनी डावा हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. पुन्हा पुन्हा, स्वतःकडेच. मम्मीला वाटलं, छातीत दुखतंय. ती घाईघाईने त्यांची छाती चोळायला लागली. पप्पांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आणि मी, चहा टाकते म्हणून, आत निघून गेले.