कुपवाडचं जर्मन बुश
लेथच्या तेलाचा उग्र वास आला, की कुपवाडची ती दुपार आठवते. माझ्या जर्मन मोटारसायकलचं मागचं चाक डुगडुगत होतं. आतलं पितळी बुश, आसाभोवतीचं कडं, झिजलेलं. नवं तिकडून यायला तीन महिने, वर कस्टमचा खर्च. वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ते चष्म्यापाशी धरलं. "ह्ये व्हय? आवं, उसाच्या चरकाला असली रोज घालतो आमी!" लेथवर सोनेरी कीस उडाला, तासाभरात बुश बसलंसुद्धा! वर त्यांनी आणखी एक माझ्या हातात ठेवलं. "हे कशाला?" "जर्मनीत बी कुणाचं झिजलं असंलच की." कराडपर्यंत मी आनंदानं ओरडतच गाडी हाणली. परवा लेक शिकायला जर्मनीला निघाली. तिच्या बॅगेत मी ते जादाचं बुश गुपचूप टाकलं.